लँडुडनो कसे पाहावे : दोन किनारे, दोन डोंगर आणि मधले गाव

उत्तर वेल्समधील लँडुडनो हे गाव नकाशावर एकदा नीट पाहून घ्यावे, म्हणजे तेथे कसे फिरायचे हे अर्धेअधिक आपोआप कळते. समुद्रात शिरलेल्या एका भूशिराच्या मानेवर, पंधरा-वीस मिनिटांत पायी ओलांडता येईल एवढ्या सपाट पट्टीवर हे गाव वसले आहे. त्याच्या एका अंगाला उत्तर किनारा आहे आणि दुसऱ्या अंगाला पश्चिम किनारा. टोकाला ग्रेट ऑर्म हा २०७ मीटर उंचीचा चुनखडीचा डोंगर उभा आहे आणि पूर्वेकडे उपसागराच्या दुसऱ्या कडेला लिटल ऑर्म हा त्याचा धाकटा भाऊ. बहुतेक प्रवासी प्रेक्षणीय स्थळांची यादी हातात घेऊन क्रमाने एकेक स्थळ उरकत जातात आणि मग वाऱ्याच्या तोंडी सापडतात किंवा ओहोटीच्या वेळी समुद्र शोधत बसतात. माझा आग्रह असा आहे की, या गावात सकाळी उठल्यावर आधी वारा पाहावा, भरती-ओहोटीची वेळ पाहावी आणि मगच कोणत्या किनाऱ्याकडे वळायचे ते ठरवावे.

गावाच्या नावाचा उच्चार स्थानिक माणसे आपल्या लिहिण्याप्रमाणे करीत नाहीत. वेल्श भाषेत आरंभीच्या जोड ‘ल’साठी जीभ ‘ल’च्या जागी ठेवून आवाज न काढता केवळ हवा सोडतात आणि पुढच्या ‘डु’चा उच्चार ‘डि’च्या जवळ जातो, त्यामुळे कानाला ते काहीसे ‘ह्लान्डिडनो’ असे ऐकू येते. ‘ह्लान’ म्हणजे चर्च आणि त्याभोवतीची पवित्र जागा, आणि टुडनो हे सहाव्या शतकातील संताचे नाव. हा उच्चार पहिल्याच प्रयत्नात जमला नाही तरी हरकत नाही, पण प्रयत्न अवश्य करावा. दुकानात शिरताना ‘बोरे दा’, म्हणजे सुप्रभात, आणि निघताना ‘दिओल्ख’, म्हणजे धन्यवाद, एवढे दोन शब्द म्हटले तरी समोरच्या माणसाचा चेहरा खुलतो. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या ‘अराफ’ या शब्दाचा अर्थ ‘सावकाश’ असा आहे, हे गाडी चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आज दिसते ते गाव आखून बसवलेले आहे. लिव्हरपूलचे ओवेन विल्यम्स यांनी १८४८ मध्ये येथील दलदलीच्या जमिनीवर समुद्रस्नानाचे नगर वसवण्याची योजना जमीनमालक लॉर्ड मॉस्टिन यांच्यापुढे मांडली, १८५८ मध्ये रेल्वे आली आणि पाहता पाहता लँडुडनोला वेल्समधील समुद्रकाठच्या गावांची राणी म्हणू लागले. जमिनीची मालकी एका घराण्याकडे राहिल्यामुळे बांधकामावर कडक नियम लागू झाले. उत्तर किनाऱ्यावर चंद्रकोरीसारखी वळत गेलेली फिकट रंगांच्या हॉटेलांची जी सलग रांग दिसते, तिच्यात मध्येच एखादी भडक पाटी किंवा उंच काचेची इमारत घुसलेली नाही, त्याचे कारण हेच. दुकाने एक रस्ता मागे, मॉस्टिन स्ट्रीटवर आहेत आणि तेथील फुटपाथांवर लोखंडी खांबांची, काचेच्या छताची जुनी आच्छादने असल्यामुळे पावसातही खरेदी करीत हिंडता येते.

येथे रेल्वेने जावे. लंडनच्या युस्टन स्थानकातून हॉलीहेडच्या दिशेने जाणाऱ्या गाडीने लँडुडनो जंक्शनपर्यंत येऊन तेथून छोट्या शाखामार्गावरची गाडी घ्यावी. काही वेळा क्रू किंवा चेस्टरला गाडी बदलावी लागते. मँचेस्टरहून थेट लँडुडनो जंक्शनपर्यंत जाणाऱ्या गाड्याही आहेत. चेस्टर सोडताच डब्याच्या उजव्या बाजूची खिडकी धरावी, कारण पुढे बराच काळ रूळ समुद्राला लागून धावतात. जंक्शननंतर मात्र डावीकडे सरकावे. शाखामार्ग कॉनवी नदीच्या मुखाला खेटून जातो आणि पाण्यापलीकडे कॉनवीच्या किल्ल्याचे गोल बुरूज काही क्षण समोर येतात. हा प्रवास अवघ्या काही मिनिटांचा असल्याने बॅगा आधीच आवरून ठेवाव्यात आणि नजर खिडकीबाहेर असू द्यावी.

मुक्काम किमान दोन रात्रींचा असावा. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना एकच किनारा मिळतो, आणि तोही बहुधा चुकीच्या वेळी. समुद्रासमोरची खोली महाग पडते. गावच्या आतल्या रस्त्यांवरची लहान निवासगृहे तुलनेने स्वस्त असतात आणि तेथूनही समुद्र पाच मिनिटांवरच असतो. माझ्या मते वाचलेले पौंड ग्रेट ऑर्मवरच्या तिकिटांवर खर्च केलेले बरे.

ग्रेट ऑर्मवर जाण्याचे तीन मार्ग आहेत : ट्राम, केबल कार आणि स्वतःचे पाय. केबल कार १९६९ मध्ये सुरू झाली. हॅपी व्हॅली बागेतून निघून ती दीड किलोमीटरहून अधिक अंतर हवेतून कापते, खाली उपसागराची पूर्ण कमान दिसते, परंतु वारा वाढला की ती बंद ठेवावी लागते. म्हणून नियम सोपा आहे. पहाटे झाडे स्थिर असतील, समुद्रावर पांढरे तुरे नसतील, तर पहिल्या तासातच केबल कार गाठावी. दुपारनंतर बघू म्हणून ती लांबणीवर टाकू नये. वारा असेल तर मनात किंतु न ठेवता ट्रामकडे जावे. खरे सांगायचे तर, वारा नसला तरी वर जाताना ट्रामच निवडावी असे मी म्हणेन.

ही ट्राम चर्च वॉक्सवरील व्हिक्टोरिया स्थानकातून सुटते. तिचा खालचा टप्पा १९०२ मध्ये आणि वरचा १९०३ मध्ये सुरू झाला. डब्यात इंजिन नाही. दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना बांधल्यासारखे आहेत, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि मधल्या जोडरुळांवर दोघे एकमेकांना ओलांडून जातात. दोर ओढणारी यंत्रे मधल्या ‘हाफवे’ स्थानकात आहेत. पूर्वी ती वाफेवर चालत, आता विजेवर चालतात. डोक्यावरून गेलेल्या तारा पाहून अनेकांना ट्राम विजेच्या तारेवर चालते असे वाटे, पण त्या तारा चालक आणि यंत्रघर यांच्यातील संदेशांसाठी होत्या. ट्राममध्ये बसण्याआधी दहा मिनिटे काढून ओल्ड रोडच्या चढावर रुळांशेजारी उभे राहावे. रस्ता इतका अरुंद आहे की घरांची दारे आणि ट्रामचा डबा यांच्यात हातभर अंतर उरते. रुळांच्या मधोमध एक चीर आहे आणि तिच्या पोटातून दोर जातो. डबा वळणाआड असतानाच त्या चिरेतून कप्प्यांवर फिरणाऱ्या दोराची घरघर ऐकू येऊ लागते, पायांखालच्या दगडांना हलकासा कंप जाणवतो आणि मग निळा डबा चढावर डोके काढतो. ज्यांना यंत्रांची थोडीफार आवड आहे त्यांना हे दृश्य शिखरावरच्या देखाव्याइतकेच आवडेल.

हाफवेला सर्वांनाच डबा बदलावा लागतो, कारण वरचा टप्पा पूर्णपणे वेगळा आहे. पण लगेच पुढच्या डब्यात चढण्याची घाई करू नये. तेथून थोड्याच अंतरावर ग्रेट ऑर्मची ताम्रखाण आहे, आणि लँडुडनोमध्ये एकच गोष्ट पाहायची झाली तर ती ही पाहावी. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी कांस्ययुगातील माणसांनी या डोंगरातून तांब्याचे हिरवे खनिज काढले. त्यांच्याकडे लोखंड नव्हते. दगडी हातोडे आणि गुरांच्या हाडांपासून केलेली टोके हीच त्यांची अवजारे होती. ही अवजारे येथे हजारोंनी सापडली आहेत. १९८७ मध्ये या खाणीचा शोध लागला, १९९१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, आणि आतापर्यंत आठ किलोमीटरहून अधिक लांबीचे बोगदे मोजून झाले आहेत. येथल्या तांब्यापासून बनलेल्या वस्तू पार स्वीडनपर्यंत पोहोचल्या होत्या, असे धातूंच्या विश्लेषणातून दिसून आले आहे.

आत जाताना डोक्यावर हेल्मेट मिळते आणि त्याचा उपयोग खरोखरच होतो, कारण छत पुष्कळ ठिकाणी खाली येते. बाहेर ऊन असले तरी आत गारवा असतो आणि पाण्याचे थेंब टपकतात, म्हणून जाकीट सोबत ठेवावे आणि तळव्यांना पकड असलेले बूट घालावेत; पायऱ्या बऱ्याच आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या खुल्या खोदकामावर समाधान मानावे. मुख्य वाटेच्या दोन्ही बाजूंना फुटलेल्या भगदाडांत वाकून पाहावे. त्यांतील काही इतकी अरुंद आहेत की मोठ्या माणसाचे खांदे आत शिरणार नाहीत. तेथे लहान मुलेच काम करीत असावीत, असे अभ्यासकांना वाटते. मी अशाच एका भगदाडाच्या कडेला तळहात टेकवला होता. दगड गार आणि ओला होता, कडा मात्र झिजून गुळगुळीत झाली होती, आणि ज्या हातांनी ती कोरली ते हात किती लहान असतील हा विचार तेथून बाहेर आल्यावरही बराच वेळ माझ्यासोबत राहिला. घाईघाईत वीस मिनिटांत येथून निघू नये. एक तास तरी द्यावा.

शिखरावर पोहोचल्यावर आधी गर्दीपासून दूर, कड्याच्या बाजूला जावे. दक्षिणेला एरेरीचे पर्वत, म्हणजेच इंग्रजीतले स्नोडोनिया, पश्चिमेला अँगल्सी बेट, उत्तरेला समुद्रात उभी असलेली ग्विंट अ मोर प्रकल्पाची १६० पवनचक्क्यांची रांग, आणि हवा अगदी निवळ असेल तर आयल ऑफ मॅनही दिसते. शिखरावरच्या जुन्या हॉटेलची मालकी एके काळी रँडॉल्फ टर्पिन या विश्वविजेत्या मुष्टियोद्ध्याकडे होती, याची आठवण तेथे अजून जपलेली आहे.

उतरताना ट्राम सोडून पायी यावे. वाटेत समुद्राकडे तोंड करून उभे असलेले सेंट टुडनोचे लहानसे दगडी चर्च लागते. आजची वास्तू बाराव्या शतकापासूनची आहे आणि उन्हाळ्यात रविवारी तेथे उघड्यावर प्रार्थना होते. भोवतीच्या दफनभूमीत आवाज खाली ठेवून हिंडावे. याच उतारांवर लांब शिंगांच्या, पांढऱ्या केसाळ काश्मिरी शेळ्यांचे रानटी कळप चरतात. त्यांचे पूर्वज विंडसरच्या राजउद्यानातून येथे आले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे रस्ते ओस पडले तेव्हा याच शेळ्या गावात उतरल्या, बागांतील कुंपणाची झुडपे खात फिरल्या आणि जगभर त्यांची छायाचित्रे पोहोचली. त्यांना काही खाऊ घालू नये, जवळ जाऊन फोटोसाठी अडवू नये आणि सोबत कुत्रा असेल तर तो साखळीला बांधलेला असावा. जून-जुलैत आलात तर पायवाटेलगतच्या झुडपांवर रुप्यासारख्या ठिपक्यांची लहान निळी फुलपाखरे शोधावीत. या फुलपाखराचा येथला उपप्रकार आकाराने लहान असतो आणि इतर ठिकाणांपेक्षा लवकर बाहेर पडतो. शेवटचा उतार हॅपी व्हॅलीतून घ्यावा. ही पूर्वीची दगडखाण; व्हिक्टोरिया राणीच्या १८८७ मधील सुवर्णमहोत्सवानिमित्त ती बाग म्हणून गावाला मिळाली.

बागेच्या पायथ्याशीच पिअर सुरू होतो. १८७७ मध्ये खुला झालेला हा ७०० मीटर लांबीचा लोखंडी धक्का वेल्समध्ये सर्वांत लांब आहे. त्यावर जायला पैसे पडत नाहीत. दिवसा येथे खेळांची दुकाने आणि आइस्क्रीमवाल्यांपुढे रांगा असतात, म्हणून सकाळी न्याहारीपूर्वी जावे. तेव्हा फळ्यांच्या फटींतून पायांखाली हलणारे हिरवे पाणी दिसते, गळ टाकून बसलेले दोन-चार जण भेटतात आणि टोकाला पोहोचून मागे वळले की हॉटेलांच्या पांढऱ्या कमानीवर सकाळचे ऊन पडलेले असते. ही कमान पाहण्याची सर्वांत चांगली जागा हीच. लहान मुले सोबत असतील तर पिअरजवळच्या विहारपथावर पंच अँड ज्युडीचा बाहुल्यांचा खेळ कधी असतो याची चौकशी करावी. कॉडमन घराणे १८६० पासून हा खेळ येथे करीत आले आहे.

उत्तर किनाऱ्यावर बरेचसे गोटे आहेत, त्यामुळे वाळूत खेळण्याच्या अपेक्षेने आलेली मुले येथे हिरमुसतात. त्यांना पश्चिम किनाऱ्यावर न्यावे. पण केव्हा न्यावे, हे महत्त्वाचे. माझ्या पहिल्या भेटीत आम्ही भर दुपारी, पूर्ण ओहोटीच्या वेळी तेथे गेलो. समुद्र क्षितिजापाशी एक रेघ होऊन राहिला होता, समोर ओली करडी वाळू, आणि आम्ही पाच मिनिटांत परत फिरलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहज पुन्हा गेलो तर तोच किनारा ओळखू येईना. पाणी परतत होते, वाळूवरच्या पाण्याच्या थरात आकाश उतरले होते, कॉनवी नदीच्या मुखापलीकडचे डोंगर एकामागे एक निळे होत गेले होते आणि पश्चिमेला अँगल्सी व पफिन बेट काळ्या आकृतींसारखे उमटले होते. तेव्हापासून मी सर्वांना हेच सांगत आलो आहे : सकाळ उत्तर किनाऱ्याची आणि संध्याकाळ पश्चिम किनाऱ्याची. जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो, तेव्हा जेवण आधी उरकून निघावे.

येथे एक सूचना मात्र कळकळीने द्यावीशी वाटते. या भागात भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत मोठा फरक असतो, उधाणाच्या दिवसांत तो सात मीटरच्या आसपास जातो, आणि पश्चिम किनाऱ्यावरचे पाणी परतताना सखल चरांतून माणसाच्या मागच्या बाजूने भरत येते. मुले वाळूत दूर जात असतील तर भरतीची वेळ आधी पाहून ठेवावी, नदीच्या मुखाच्या दिशेने चालत जाऊ नये, आणि कोणी अडकलेले दिसले तर स्वतः पाण्यात न उतरता ९९९ क्रमांकावर फोन करून तटरक्षक दलाची मदत मागावी. दोन किनाऱ्यांच्या या गावात जीवरक्षक नौकेचे घर पूर्वी समुद्राजवळ नव्हे, तर गावाच्या मध्यभागी होते, म्हणजे संकट कोणत्याही बाजूला आले तरी नौका रस्त्यावरून ओढत त्या किनाऱ्यावर नेता येई. २०१७ मध्ये ती उत्तर किनाऱ्यावरील क्रेग-अ-डॉन येथे हलवली गेली.

पश्चिम किनाऱ्यावर पांढऱ्या सशाचा एक पुतळा आहे. हा ससा ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ या प्रसिद्ध बालकथेतला; ज्या अ‍ॅलिस लिडेलसाठी ती कथा रचली गेली, तिच्या कुटुंबाने या किनाऱ्यावर सुट्टीसाठी घर बांधले होते. ते घर २००८ मध्ये पाडले गेले. पुतळ्याचे अनावरण १९३३ मध्ये माजी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी केले.

चालण्याची हौस असेल तर दुसरा दिवस मरीन ड्राइव्हला द्यावा. ग्रेट ऑर्मच्या कड्याला कोरून काढलेला हा रस्ता १८७८ पासूनचा आहे. मोटारींना तो टोल भरून एकाच दिशेने, पिअरकडून पश्चिम किनाऱ्याकडे, वापरता येतो. पायी जाणाऱ्यांना पैसे पडत नाहीत. साधारण साडेसहा किलोमीटरच्या या वाटेवर एका बाजूला सरळसोट कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल समुद्र असतो. वसंतापासून जुलैपर्यंत कड्यांच्या कपारींत रेझरबिल आणि गिलेमॉट हे काळे-पांढरे समुद्रपक्षी दाटीने बसलेले दिसतात, आणि लाल चोचीचा चफ हा कावळ्याच्या जातीचा पक्षी डोक्यावरून ओरडत जातो. दुर्बीण नसेल तर मागून आणावी. वाऱ्याच्या दिवशी टोकाच्या वळणावर उभे राहणेही कठीण होते, तेव्हा टोपी खिशात ठेवावी.

खाण्याबाबत थोडक्यात सांगतो. फिश अँड चिप्स बाकावर बसून खायचे असतील तर पाठ भिंतीला लावून बसावे, कारण येथले सीगल मागून येतात आणि हातातला घास उचलून नेतात. चहासोबत बारा ब्रिथ हा चहात भिजवलेल्या सुक्या मेव्याचा पाव लोणी लावून मागवावा. तव्यावर भाजलेले वेल्श केक गरम असतानाच खावेत. शाकाहारी असाल तर त्यात प्राण्याची चरबी नाही ना, एवढे विचारून घ्यावे.

दिवसभर पाऊस लागला तर कॉनवीला जावे. पहिल्या एडवर्ड राजाने १२८३ मध्ये बांधायला घेतलेला तेथला किल्ला आणि गावाभोवतीची सुमारे १.३ किलोमीटर लांबीची तटबंदी पावसातही पाहण्यासारखी आहे, कारण ओले झाल्यावर त्या दगडांचा रंग गडद होतो. तटावर मात्र पाय जपून टाकावेत.

ऋतू निवडण्याची मोकळीक असेल तर मे किंवा सप्टेंबर निवडावा. ट्राम, केबल कार आणि खाण साधारण मार्चअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत चालू असतात, म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. शरद ऋतूत जाणाऱ्यांना मात्र असे काही मिळते जे उन्हाळ्यातल्या गर्दीला मिळत नाही. विहारपथ पूर्वेकडे संपेपर्यंत चालावे, लिटल ऑर्मचा चढ चढून पलीकडे एंजल बेच्या वरच्या गवतावर यावे. खाली गोट्यांच्या त्या लहानशा खाडीत करड्या रंगाचे सील येतात आणि शरदात तेथे पिल्ले जन्मतात. खाली उतरू नये, कड्याच्या काठाशी जाऊ नये, कुत्रा आणू नये. घाबरलेली मादी पाण्यात निघून गेली तर पिल्लू उपाशी पडते. गवतावर बसून थोडा वेळ गप्प राहावे. आधी नुसते गोटेच दिसतात, मग त्यांतला एक गोटा मान वर करतो, शेजारचा कूस बदलतो, आणि लाटांच्या आवाजातून बाळाच्या रडण्यासारखा एक सूर वर येतो.